रॉस, व्हायपर, सिप्पीघाट : अंदमानातल्या उठलेल्या वस्त्या

शुक्रवार : नाशिक ते पोर्ट ब्लेअर

नाशिककरांचं अंदमानशी नातं जुनं आहे. भगूर आमच्या घरापासून पाऊण तासावर. शाळेची एक तरी सहल तिथल्या सावरकर वाड्यात जातेच. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि त्या प्रकरणाचे धागे थेट काळ्या पाण्यापर्यंत गेले. त्यामुळे आमच्याकडचा माणूस अंदमानला निघतो तो यात्रेला निघाल्यासारखाच. सेल्युलर जेलचं दर्शन घ्यायचं, डोळे पुसायचे, मग एखाद्या निळ्या किनाऱ्यावर दोन दिवस काढायचे.

मला जेल बघायचं होतंच, पण त्याहून जास्त ओढ होती ती तिथल्या रिकाम्या वस्त्यांची. मी कॉलेजात भूगोल शिकवते. बेटावर वस्ती कशी बसते आणि कशी उठते, हा विषय वर्गात दरवर्षी येतो आणि दरवर्षी पुस्तकातल्या चार ओळींत संपतो. अंदमानात अशा उठलेल्या वस्त्या एकाच बंदराच्या आसपास, होडीने तासाभरात गाठता येतील एवढ्या अंतरावर आहेत. प्रत्येक वस्ती उठण्याचं कारण निराळं.

सोबत ताई आणि दाजी. दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची बरीच वर्षं त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या धरणांवर काढली, मधली काही रायगडात खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या कामावर. प्रवासात ते कमी बोलतात, पण कुठेही पाणी, बांध, उतार दिसला की थांबून बघतात. ही सवय पुढे फार उपयोगी पडली.

मध्यरात्री गाडीने निघून मुंबई, पहाटेचं विमान, चेन्नईला बदल आणि दुपारच्या आत पोर्ट ब्लेअर. २०२४ च्या सप्टेंबरात शहराचं नाव श्री विजयपुरम झालं आहे. रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच आहे, म्हणून मीही तेच लिहिते. घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. साडेपाचच्या आतच तो मावळला आणि सहाला मिट्ट काळोख. ताईने चहा मागवला तेव्हा नाशिकला अजून उन्हं असतील.

शनिवार : चॅथम आणि सेल्युलर जेल

सकाळी चॅथम. पोर्ट ब्लेअरला पुलाने जोडलेलं हे छोटंसं बेट लोकांना ठाऊक आहे ते १८८३ साली सुरू झालेल्या लाकूड गिरणीमुळे. करवतीखाली पडौकचे लालसर ओंडके चिरले जात होते आणि साऱ्या आवारात त्या भुशाचा वास भरला होता. पण मी आले होते दुसऱ्याच कारणाने. इंग्रजांची अंदमानातली पहिली वस्ती इथे बसली. १७८९ मध्ये लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअरने बंगालमधून माणसं आणून इथलं जंगल तोडलं. तीन वर्षांत वरून हुकूम आला की आरमाराला उत्तरेकडचं बंदर अधिक सोयीचं आहे, सगळं तिकडे हलवा. हलवलं. तिथे तापाने माणसं इतकी मेली की १७९६ मध्ये ती वस्तीही मोडली आणि कैद्यांना पेनांगला पाठवून दिलं. पुढची साठ-बासष्ट वर्षं जंगलाने आपली जागा परत घेतली.

चॅथमवर त्या वस्तीचं आज काही दिसत नाही. दाजींनी विचारलं, "मग बघायचं काय?" बघायची ती जागा. बंदर उत्तम, लाकूड मुबलक, पाऊस वर्षाला तीन मीटरच्या घरात, आणि तरीही माणूस टिकला नाही. उष्ण कटिबंधातल्या बेटाचं हे खरं रूप पर्यटनाच्या पत्रकात कधी येत नाही. पाऊस भरपूर असला तरी छोट्या बेटावर तो साठायला जागा नसते. डोंगर लहान, ओढे आखूड, पाणी तासाभरात समुद्राला मिळतं. आणि जे साचून राहतं त्यात डास.

१८५७ नंतर इंग्रजांना शिक्षा झालेले हजारो लोक ठेवायला जागा हवी होती. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर २०० कैद्यांना घेऊन याच चॅथमवर उतरला आणि पाण्याच्या टंचाईने लवकरच त्याला रॉस बेटाकडे वळावं लागलं. पहिल्या काही महिन्यांत पळून जाऊन पकडलेल्या ऐंशीहून जास्त कैद्यांना त्याने फासावर चढवलं. बेटावर वस्ती कशी बसते, याचं एक उत्तर हेही आहे.

दुपारी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं. मध्यभागी मनोरा आणि त्यातून फुटलेल्या सात तीनमजली इमारती. सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येकीची लांबी साडेतेरा फूट, रुंदी साडेसात. आज सातांपैकी तीनच इमारती उभ्या आहेत. पडलेल्या इमारतींच्या आवारात सरकारी रुग्णालय आहे. तिथल्या खिडकीत वाळत घातलेले कपडे आणि ओट्यावर डबा खात बसलेले नातेवाईक दिसतात. मला ते चांगलं वाटलं. एकट्या माणसाला डांबण्यासाठी बांधलेल्या जागेत आज माणसं एकमेकांना भेटायला येतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपाशी ताई बराच वेळ उभी होती. ते ४ जुलै १९११ ला इथे आले. बाबाराव आधीपासून इथेच. दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात, पण बराच काळ भेट नाही. ताईने भगूरच्या वाड्यातली माती एका पुडीत बांधून आणली होती. तिने ती दाराशी ठेवली, मला काही न सांगता. गच्चीवर गेलो तर समोर समुद्रात झाडांनी भरलेला हिरवा ठिपका. रॉस. इथल्या कैद्यांना रोज दिसत असणार.

रविवार : रॉस बेट

अबर्डीन धक्क्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटांत रॉसला पोचलो. २०१८ पासून याचं अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बेट एवढंसं की मनात आणलं तर सकाळच्या फेरफटक्यात पालथं घालता यावं. पण १८५८ ते १९४१ ही त्र्याऐंशी वर्षं सगळ्या अंदमान-निकोबारचा कारभार इथून चालला.

धक्क्यावरून वर चढलं की आधी जपानी खंदक लागतो, मग एकामागून एक पडक्या इमारती. प्रत्येकीसमोर पाटी : बेकरी, छापखाना, बॅरेक, क्लब, इस्पितळ, पाणी शुद्ध करण्याची जागा, पोहण्याचा तलाव, टेनिस कोर्ट. वर टेकाडावर चीफ कमिशनरचा बंगला आणि थोडं अलीकडे दगडी चर्च. त्याच्या खिडक्यांना बर्मी सागाच्या चौकटी आणि इटलीहून आणलेली रंगीत काच होती. आज छप्पर नाही. भिंती उभ्या आहेत आणि त्या भिंतींवर झाडं.

या झाडांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण रॉसला येणारा प्रत्येक जण फोटो काढतो तो त्यांचाच. ती वड-उंबराच्या कुळातली. पक्षी फळ खातो, चुन्याच्या दर्जेत, म्हणजे दगड-विटांमधल्या सांध्यात, त्याची विष्ठा पडते, बी तिथेच रुजतं. वर माती नसते, म्हणून मूळ ओलाव्याच्या शोधात भिंत धरून खाली सुटतं. जमिनीला टेकलं की जाड होऊ लागतं, फाटे फुटतात, फाटे एकमेकांत मिसळतात आणि पंधरा-वीस वर्षांत भिंतीवर जाळं तयार होतं. आधी मूळ हे सांधे फोडतं, आणि मग तेच मूळ सुटे झालेले दगड-विटा धरून ठेवतं. आज यातलं झाड कापलं तर भिंत कोसळेल. काही ठिकाणी तर भिंत आतून गळून गेली आहे आणि तिचा आकार फक्त मुळांनी राखला आहे. मी हात लावून पाहिला. मुळाच्या जाळीतून खिडकीची कमान नीट ओळखू येते, पण तिच्यात वीट एकही नाही.

मोर आणि चितळ माणसाला जराही भीत नाहीत. चितळं इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडलेली. शिकारी गेले, चितळं राहिली. ताईच्या हातातल्या पिशवीत एका पाडसाने तोंड घातलं तेव्हा ती आधी दचकली आणि मग तिथेच खाली बसली. पुढचा अर्धा तास तिला उठवणं जमलं नाही.

वस्ती उठली कशी? २६ जून १९४१ ला अंदमानात मोठा भूकंप झाला. रॉसवरच्या इमारतींना तडे गेले आणि मुख्यालय समोरच्या अबर्डीनला, म्हणजे आजच्या पोर्ट ब्लेअरमध्ये हलवलं गेलं. वर्षभराच्या आत, मार्च १९४२ मध्ये, जपानी फौजा उतरल्या. चीफ कमिशनर वॉटरफॉल कैद झाला. जपान्यांनी रॉसवर खंदक बांधले. डिसेंबर १९४३ मध्ये सुभाषबाबू अंदमानात आले, ३० तारखेला पोर्ट ब्लेअरच्या जिमखाना मैदानावर त्यांनी तिरंगा फडकवला, आणि त्यांचा मुक्काम रॉसवरच्या त्याच चीफ कमिशनरच्या बंगल्यात होता. १९४५ मध्ये जपानी गेले. इंग्रज परतले, पण रॉसवर राहायला कुणी आलं नाही. १९७९ मध्ये बेट नौदलाच्या ताब्यात आलं. साफसफाई, पाट्या आणि छोटं संग्रहालय ही त्यांचीच कामं, आणि ती चांगली केलेली आहेत.

मार्गदर्शक भूकंपाचं सांगतो आणि थांबतो. माझं तेवढ्याने समाधान होत नाही. भूकंपाने शहरं पडतात आणि पुन्हा उभी राहतात. लातूरच्या किल्लारीला आपण ते पाहिलं आहे. गाव जागा बदलतं, पण गाव राहतं, कारण तिथली माणसं तिथली असतात. रॉसवर तिथलं असं कुणीच नव्हतं. साहेब तीन-चार वर्षांसाठी यायचा. फौज बदलत राहायची. पीठ, दारू, वर्तमानपत्र, बर्फाचं यंत्र, चर्चची काच, सगळं होडीतून यायचं. विटा वाहणारे, रस्ते फोडणारे, जेवण रांधणारे हात कैद्यांचे, आणि त्यांना तिथे राहायचंच नव्हतं. बाहेरून पोसलेल्या वस्तीचा पुरवठा तुटला की ती दुसऱ्या दिवशी उठते. रॉस उठलं तेव्हा कुणाचं घर गेलं, असं मला तिथे फिरताना एकदाही वाटलं नाही. अपवाद कबरस्तानाचा. तिथे लहान मुलांच्या कबरी आहेत. नोकरीच्या गावी मूल मातीत ठेवून दुसऱ्या नोकरीच्या गावी निघून जावं लागलेल्या आया.

आणखी एक गोष्ट, जिची पाटी मला कुठे दिसली नाही. १८६३ मध्ये रॉसवर पाद्री हेन्री कॉर्बिनने 'अंदमान होम' सुरू केलं. ग्रेट अंदमानी लोकांना इथे आणून ठेवायचं, 'सुधारायचं', त्यांची मुलं शिकवायची. ज्या रोगांशी त्यांच्या शरीराची हजारो वर्षांत ओळख नव्हती ते रोग त्यांना इथे जडले, आणि होममधून परत गेलेल्यांबरोबर ते जंगलात पसरले. १८७७ च्या गोवराच्या साथीने वस्त्याच्या वस्त्या संपल्या. बेकरीची पाटी आहे, टेनिस कोर्टाची आहे. या होमची हवी. नौदलाच्या संग्रहालयातल्या अभिप्रायाच्या वहीत मी तेवढंच लिहून आले.

दाजी दिवसभर पाण्याच्या मागे होते. बेटावर तळं आहे, विहिरी आहेत, पन्हळी कुठून कुठे जात असाव्यात याचा त्यांनी अंदाज बांधला. परतीच्या होडीत एवढंच म्हणाले, "एवढ्या लोकांना हे पाणी पुरलं नसतं. कुणीतरी रोज ओढून आणत असणार."

सोमवार : व्हायपर

दुपारच्या बंदर-सफरीची होडी व्हायपरला थोडा वेळ थांबते. सेल्युलर जेल होण्याआधीचा तुरुंग इथे होता. बेड्या घातलेल्या कैद्यांच्या टोळ्या इथे राबायच्या. टेकाडावर लाल विटांची घुमटी आहे, तिच्यात फाशीचा तख्ता होता. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोवर ८ फेब्रुवारी १८७२ ला होप टाउनच्या धक्क्यावर सुऱ्याने वार करणाऱ्या शेर अलीला ११ मार्चला इथेच फाशी दिलं. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय एका कैद्याच्या हातून मारला जातो ही केवढी मोठी घटना, पण आपल्या शाळेच्या पुस्तकांत शेर अलीला ओळसुद्धा मिळत नाही.

१९०६ ला सेल्युलर जेल पुरं झालं आणि व्हायपरची गरज संपली. ना भूकंप, ना साथ. कामच उरलं नाही. मिळालेल्या वेळात मी घुमटीपर्यंत चढून आले. पायऱ्यांवर शेवाळ आहे, चप्पल चांगली हवी. आमच्या होडीतली पुण्याची एक आजी काठी टेकत वरपर्यंत आली, हात जोडले आणि खाली उतरली.

मंगळवार : संग्रहालय आणि सिप्पीघाट

सकाळी मानववंशशास्त्र संग्रहालयात गेलो. रॉसवर न दिसलेला भाग इथे आहे. जुनी छायाचित्रं, वेताच्या टोपल्या, बाण, होड्यांचे नमुने. इंग्रज आले तेव्हा ग्रेट अंदमानींच्या दहा टोळ्या होत्या, दहा भाषा होत्या आणि माणसं काही हजारांत होती. १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरली. १९६१ च्या जनगणनेत १९. त्यानंतर सरकारने त्यांना स्ट्रेट आयलंड नावाच्या बेटावर वसवलं आणि आकडा हळूहळू पन्नासाच्या आसपास आला. पण भाषा परतल्या नाहीत. बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये गेल्या. रॉसवर आपण ज्यांच्या भिंती बघतो ते इंग्रज बोटीत बसून घरी गेले. ज्यांच्या वस्त्या खरोखर ओस पडल्या त्यांची घरं पानांची होती, ती दोन पावसाळ्यांतच मातीत मिसळली. म्हणून कुठली होडी तिथे थांबत नाही. एका छायाचित्रातल्या बाईच्या कडेवर मूल होतं. ताई त्यापाशी थांबून म्हणाली, "यांचं कुणी नाव तरी लिहायचं होतं."

दुपारी सिप्पीघाट. हे सहलीच्या यादीत नव्हतं. ड्रायव्हरदादा तिथूनच जाणार होते आणि मला ते नाव माहीत होतं म्हणून मी गाडी थांबवायला सांगितली. तेही चकित झाले. "यहाँ कोई नहीं रुकता, मॅडम. चिड़िया देखने वाले रुकते हैं बस."

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी सगळ्यांना आठवते. त्या दिवशी घडलेली दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात नाही. भूकंपाने दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खाली बसली. लाट आली आणि गेली. खाली बसलेली जमीन मात्र तशीच राहिली, आणि तिच्यावर आलेला समुद्रही. सिप्पीघाटच्या सखल भातशेतीत तेव्हापासून रोज दोनदा भरतीचं पाणी येतं. निकोबारकडे तर जमीन याहून कितीतरी खाली गेली. ग्रेट निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटर खचलं आणि तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. ट्रिंकेट बेटावरचे सगळे लोक शेजारच्या कामोर्टा बेटावर हलवावे लागले. तिकडे पर्यटकांना सहज जाता येत नाही. सिप्पीघाट मात्र भर रस्त्यावर आहे.

रस्त्याच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लांबवर पसरलेलं उथळ पाणी. पाण्यात नारळाचे शेंडे नसलेले खुंट ओळीने उभे. ओळ दिसते तेव्हाच कळतं की ते कुणीतरी लावले होते. पुढे एक जोतं, त्यावर दोन भिंती. शेताचे बांध ओहोटीला वर येतात, चौकोनी वाफे स्पष्ट दिसतात. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. बगळे, शेकाटे, तुतवार आणि लांब गवतात निळ्या पाणकोंबड्या.

ताई म्हणाली, "हे तर आपलं नांदूर मधमेश्वर." खरं होतं ते. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर शंभर वर्षांपूर्वी बंधारा बांधला, गाळ साचला, पाणी पसरलं आणि पाखरं आली. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही दुर्बीण घेऊन तिथे जातो. पण पसरलेल्या पाण्याखाली आधी काय होतं, हे मनोऱ्यावर उभं राहून मी कधी विचारलं नव्हतं. सिप्पीघाटला ते विचारल्याशिवाय राहवत नाही, कारण वाफे डोळ्यांसमोर आहेत.

दाजी बराच वेळ बांधावरून चालत गेले. परत आल्यावर जे बोलले ते मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एका धरणाच्या बुडीत क्षेत्रात घरांच्या मोजणीचं काम त्यांच्याकडे होतं. शेवटच्या उन्हाळ्यात गावकरी आपापली घरं स्वतःच उकलत होते. दारं, चौकटी, आढी, कौलं बैलगाडीत घालून न्यायचे. एका म्हाताऱ्याने सगळं नेलं आणि उंबरा तेवढा ठेवला. दाजींनी विचारलं तर म्हणाला, तो नव्या घराला बसत नाही. "धरणाचं आधी वर्षभर सांगता येतं," दाजी म्हणाले. "नोटीस निघते, मोजणी होते, भांडता येतं, मोर्चा काढता येतो. या लोकांना चौकट काढायलाही वेळ मिळाला नाही."

ड्रायव्हरदादा ऐकत होते. मराठी कळलं नाही, पण हातवाऱ्यांवरून विषय कळला असावा. पाण्यातल्या त्या खुंटांकडे बोट करून म्हणाले, "उधर मेरे मामा का खेत था. ज़मीन बैठ गई." दाजींनी लगेच विचारलं, मामा आता कुठे असतात?

रॉसला आपण तिकीट काढून जातो, आणि सिप्पीघाटवरून गाडी न थांबवता पुढच्या किनाऱ्याकडे जातो. मला वाटतं हे उलट नाही तर निदान सारखं तरी व्हायला हवं. नाशिकहून अंदमानला निघणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे : ओहोटीची वेळ विचारून घ्या आणि तासभर इथे द्या. दुर्बीण असेल तर न्या. स्थानिक ड्रायव्हर बहुधा काहीतरी सांगेलच. तिथल्या माणसांची आडनावं आणि बोली ऐकण्यासारख्या आहेत. पूर्व बंगालचे निर्वासित, रांचीकडचे मजूर, तमिळ, तेलुगू, आणि कैद्यांचे वंशज, ज्यांना इथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात. शिक्षा म्हणून आणलेल्या माणसांच्या पोटी जन्मलेल्यांनी इथेच घर केलं, शेती केली, आणि तीच वस्ती टिकली. साहेबांची टिकली नाही.

बुधवार : मामांच्या घरी, मग परत

विमान दुपारचं होतं. सकाळी ड्रायव्हरदादा आम्हाला मामांकडे घेऊन गेले. चढावर दोन खोल्यांचं पक्कं घर, पुढे सुपारीची चार झाडं आणि पत्र्याच्या आडोशाला किराण्याचं छोटं दुकान. मामा सत्तरीचे. आम्ही शेत बघून आलो हे कळल्यावर त्यांनी आधी विचारलं, मधला बांध अजून आहे का? दाजींनी सांगितलं, आहे, पूर्वेकडून फुटलाय. "वो तो उसी दिन फूटा था," मामा म्हणाले. भात किती व्हायचा, कुठला वाफा लवकर पिकायचा, म्हशीचा गोठा कुठे होता, हे सगळं त्यांनी हाताने हवेत आखून दाखवलं. भरपाई मिळाली, दुकान त्यातूनच उभं राहिलं. सातबारासारखा कागद त्यांनी पेटीतून काढला. जमीन अजून त्यांच्या नावावर आहे.

मामींनी ताईला आणि मला आत बोलावून नारळाची वडी दिली. पहिल्या वर्षी, नवं घर झालं तेव्हा विकत आणलेले तांदूळ शिजेनात, म्हणाल्या. शिजायचे, पण खाववत नव्हते.

बाहेर आले तर दाजी आणि मामा वर्तमानपत्राच्या समासात आकृती काढत होते. रायगडात खाडीच्या काठाला मातीचे बांध घालून समुद्र अडवतात, त्याला खारबंदिस्ती म्हणतात. बांधात उघाडी ठेवतात. ओहोटीला तिची झडप आपोआप उघडते आणि पावसाचं आतलं पाणी बाहेर पडतं. भरतीला समुद्राच्या दाबाने झडप मिटते, खारं पाणी आत येत नाही. दाजी समजावत होते की समुद्र एकदा बाहेर ठेवला की मीठ धुऊन काढायचं काम पाऊसच करतो, आणि इथे पाऊस कोकणाइतकाच पडतो. तीन-चार पावसाळे जमीन नुसती धुऊ द्यायची, मग खाऱ्या जमिनीत तगणारं भात घ्यायचं. पण बांध एकट्याच्या शेताला घालून भागत नाही, साऱ्या खाचराला एकत्र घालावा लागतो, आणि त्याची राखण गावाने करावी लागते. बांध फुटला तर एका रात्रीत सगळं परत खारं. एक मीटर खचलेल्या जमिनीला बांध किती उंच लागेल, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. खोटी आशा दाखवायची नाही हा त्यांचा नोकरीतला नियम होता.

मामांनी दोनच प्रश्न विचारले. खर्च कोण करतं? आणि शेजारचे चौघे दुसरीकडे राहायला गेलेत, त्यांच्याशिवाय चालेल का? पहिल्यावर दाजी म्हणाले, आमच्याकडे सरकार. दुसऱ्यावर म्हणाले, नाही चालणार. मामांनी दुकानातली वही काढली आणि त्या चौघांची नावं, आता कुठल्या गावी असतात ते, ड्रायव्हरदादांकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. एकाचा नंबर त्यांच्याकडे होता. तो त्यांनी आमच्यासमोरच लावला, आणि आम्ही विमानतळाकडे निघालो तेव्हा पलीकडच्या माणसाला मामा उघाडी म्हणजे काय ते सांगत होते.